ऑस्बर्न यांच्या पंचवीस वर्षांतले नेब्रास्काचे थोर खेळाडू : क्रमवारीच्या कामाच्या नोंदी

८ जून २०२५

काम ठरलं. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे, मुख्य प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांच्या काळातले, म्हणजे १९७३ ते १९९७ मधले, दहा सर्वांत मोठे खेळाडू निवडायचे आणि त्यांच्यावर एक मराठी पुस्तिका काढायची. प्रत्येकाला दोन पानं. इकडची मराठी मुलं शरद ऋतूतल्या शनिवारी लाल सदरे घालून सामना बघतात, आणि पुण्या-नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले त्यांचे आजी-आजोबा सोफ्याच्या टोकाला बसून विचारतात, "हे नक्की चाललंय काय?" पुस्तिका या दोघांनी मिळून वाचावी अशी इच्छा आहे.

नुसती ओळख न देता क्रम लावायचा, हा माझा आग्रह. क्रम लावला की कारणं द्यावी लागतात, आणि कारणं शोधताना खेळ कळतो.

कामाला तिघं. दादा १९९१ मध्ये शिकायला लिंकनला, विद्यापीठाच्या गावी, आला आणि १९९४ ते १९९७ चा सुवर्णकाळ त्याने विद्यार्थ्यांच्या स्टँडमधून पाहिला. भाचा इथेच जन्मलेला, त्याच्याकडे आकड्यांचं खातं. लिहिणं आणि शेवटचा निर्णय माझ्याकडे.

हाच काळ का, तर ऑस्बर्न यांचा हिशेब बघा : २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. पंचवीस वर्षांत एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत. राष्ट्रीय विजेतेपदं तीन, १९९४, १९९५ आणि १९९७ ची. शेवटचं मिशिगनबरोबर वाटून. या राज्यात मोठा व्यावसायिक संघ नाही, जे काही आहे ते हा संघ. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियमची सगळी तिकिटं नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक सामन्याला विकली जात आहेत. सामन्याच्या दिवशी स्टेडियम हे ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं शहर असतं, असं इथे म्हणतात.

१४ जून

आज कुंपण घातलं. कोण आत, कोण बाहेर.

जॉनी रॉजर्स बाहेर. १९७२ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, त्याची, पण तेव्हा मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हनी होते. डेव्हनींनी १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवून संघ ऑस्बर्न यांच्या हाती दिला. रिच ग्लोव्हरही त्याच कारणाने बाहेर. दुसऱ्या टोकाला एरिक क्राउच : त्याला संघात ऑस्बर्न यांनी घेतलं, पण तो मैदानावर उतरला तो फ्रँक सोलिच यांच्या कारकिर्दीत, आणि त्याची हाइझमन २००१ ची. तोही बाहेर.

दुसरा नियम जास्त कडक. नेब्रास्काच्या सदऱ्यात जे केलं तेवढंच मोजायचं, पुढची व्यावसायिक कारकीर्द नाही. रॉजर क्रेगला याचा फटका बसतो. सॅन फ्रान्सिस्कोकडून १९८५ मध्ये एकाच हंगामात हजार यार्ड धावून आणि हजार यार्ड पास झेलून काढणारा तो पहिला खेळाडू, पण लिंकनमध्ये १९८२ ला त्याने फुलबॅकची जागा पत्करली आणि मुख्य धावपटूचं काम माइक रोझिअरकडे गेलं. इतका गुणी माणूस दुसऱ्यासाठी वाट मोकळी करत राहिला याचं मला फार कौतुक आहे. त्याचं नाव पुस्तिकेत येईल, दहांत नाही.

सत्तरच्या दशकाबद्दल थोडक्यात. डेव्ह हम, व्हिन्स फेरागामो, जॉन डटन, ज्युनिअर मिलर ही सगळी दमदार नावं. पण त्या वर्षांत ओक्लाहोमा विद्यापीठाचा संघ आडवा येत असे. बॅरी स्विट्झर यांच्या संघाने ऑस्बर्न यांना पहिली पाच वर्षं जिंकू दिलं नाही. १९७८ मध्ये १७–१४ असा विजय मिळाला, तर त्याच हंगामाच्या ऑरेंज बोलमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या निमंत्रित सामन्यात, पुन्हा ओक्लाहोमाच समोर आला आणि ३१–२४ ने जिंकून गेला. त्या दशकातला एकही खेळाडू पहिल्या दहांत बसेल असं मला आज तरी वाटत नाही.

२१ जून

भाच्याने तक्ता तयार केला. धावलेले यार्ड, टचडाउन (चेंडू समोरच्या संघाच्या गोल रेषेपलीकडे नेणं, त्याचे सहा गुण), मिळालेले पुरस्कार, संघाचे विजय, सगळ्याला गुण. त्याच्या सूत्राप्रमाणे रोझिअर पहिला, आणि दुसरा बराच मागे.

रोझिअरचे आकडे आहेतही तसेच. न्यू जर्सीतल्या कॅम्डनचा हा मुलगा कॅन्ससमधल्या कॉफीव्हिलच्या दोन वर्षांच्या कॉलेजातून इथे आला आणि तीनच हंगाम खेळला : ९४३, मग १,६८९, मग २,१४८ यार्ड. एकूण ४,७८०. १९८३ च्या त्या शेवटच्या हंगामात प्रत्येक धावेमागे सरासरी ७.८१ यार्ड आणि २९ टचडाउन. पहिल्यांदाच बघणाऱ्या आजोबांसाठी सांगायचं तर चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलं की संघाकडे चेंडू राहतो. रोझिअर एका प्रयत्नातच त्यातले जवळपास आठ यार्ड काढून देत होता. हाइझमन त्यालाच मिळाली.

पण तक्ता बघताना दोन गोष्टी खटकल्या, आणि दोन्ही पुस्तिकेत लिहायच्या आहेत.

पहिली : या काळातल्या अधिकृत हंगामी आकडेवारीत बोल सामने धरलेले नाहीत. ती पद्धत २००२ पासून बदलली. म्हणजे ज्या सामन्यावर वर्षाचं विजेतेपद ठरायचं, नेमका तोच सामना तक्त्यातून गायब. दुसरी : बचाव फळीतल्या खेळाडूंची वैयक्तिक आकडेवारी राष्ट्रीय पातळीवर अधिकृतपणे ठेवायला सुरुवात झाली २००० मध्ये. त्याआधी ज्याची-त्याची नोंद ज्याच्या-त्याच्या विद्यापीठात. तेव्हा १९८० चा लाइनबॅकर आणि १९९७ चा डिफेन्सिव्ह एंड यांना एका तराजूत घालताना आकड्यांवर हवाला ठेवता येत नाही.

आणि समोरच्यांना अडवून वाट करून देणाऱ्या पुढच्या फळीतल्या खेळाडूंसाठी तर रकानाच नाही. सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल या पाच जणांनी किती यार्ड काढले हे कोणी लिहून ठेवत नाही, कारण त्यांच्या हातात चेंडू येतच नाही. भाच्याच्या यादीत पहिल्या दहांत त्यांच्यापैकी कुणीच नाही.

२२ जून

रात्रभर तेच डोक्यात. सकाळी उठून साधी मोजदाद केली. ऑस्बर्न यांच्या पंचवीस वर्षांत हाइझमन ट्रॉफी एकदा आली. आउटलँड ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम आतल्या फळीतल्या खेळाडूचा मान, सहा वेळा आली : डेव्ह रिमिंग्टन १९८१ आणि १९८२, डीन स्टाइनकूलर १९८३, विल शील्ड्स १९९२, झॅक वीगर्ट १९९४, एरन टेलर १९९७. ही ट्रॉफी बचावातल्या खेळाडूलाही मिळू शकते, पण हे पाचही जण आक्रमणाच्या फळीतले. देशाने या संघाकडे बघून जे पुन्हा पुन्हा ओळखलं, ते आमच्या तक्त्यात शून्य गुणांचं आहे.

या पुस्तिकेचा कणा मला इथे सापडला. नेब्रास्का हा फळीचा संघ. क्रमवारीत ते दिसलं नाही तर क्रमवारी दुसऱ्याच कुठल्या तरी संघाची आहे.

२९ जून

आजी-आजोबांसाठीची दोन पानं लिहिली : "ऑप्शन म्हणजे काय".

ऑप्शन ही या संघाची धावण्याची खास चाल. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, चेंडू घेऊन बाजूला धावतो. समोरचा एक बचावपटू मुद्दाम मोकळा सोडलेला असतो, त्याला कुणी अडवत नाही. तो क्वार्टरबॅकवर झेपावला तर चेंडू शेजारून पळणाऱ्या आयबॅककडे, म्हणजे मुख्य धावपटूकडे, उडवायचा. तो आयबॅककडे वळला तर स्वतःच आत घुसायचं. निर्णयाला वेळ निमिषभर, आणि चुकला तर चेंडू जमिनीवर. एक माणूस मोकळा सोडल्यामुळे फळीला दुसरीकडे एक जास्तीचा माणूस वापरता येतो. सगळं गणित त्यावर उभं आहे.

अर्थात फळीने आपलं काम केलं तरच. कबड्डीत चढाईपटूला ज्याने आधी धरलं, पकड त्याच्या नावावर लिहितात. साखळीने बाकीचे पडले नसते तर तो निसटला असता, पण त्यांच्या नावापुढे काही लागत नाही. इथे हे वर्षानुवर्षं, प्रत्येक डावाला होत आलं. मिल्ट टेनोपिर १९७४ पासून ही फळी घडवत होते. जोडीला बॉइड एप्ली यांचं व्यायामशास्त्र : वजनं उचलण्याने खेळाडू जड आणि मंद होतात असं बहुतेक प्रशिक्षक मानत होते त्या काळात, १९६९ मध्ये, नेब्रास्काने त्यांना कामावर घेतलं. १९८३ च्या संघाने सामन्यामागे ४०१.७ यार्ड धावून काढले आणि १९९५ च्या संघाने ३९९.८. मध्ये बारा वर्षं गेली, पाचही माणसं बदलली, आकडा जागच्या जागी.

दादाला ही पानं आवडली. त्याने एकच दुरुस्ती सुचवली : "फळीचे लोक घोषणेआधी कसे एकदम खाली बसायचे ते लिही. स्टँडमधूनही तो आवाज यायचा." लिहिलं.

६ जुलै

रिमिंग्टन. आजचा पूर्ण दिवस त्याच्यावर गेला आणि गेला ते बरं झालं.

ओमाहाच्या साउथ हायस्कूलचा, म्हणजे घरचाच मुलगा. सेंटर. क्रमांक ५०. आउटलँड ट्रॉफी दोनदा जिंकणारा आजवरचा एकमेव खेळाडू, वर १९८२ ची लोम्बार्डी, ही फळीतल्या खेळाडूंसाठीची दुसरी मोठी ट्रॉफी. आज देशातल्या सर्वोत्तम सेंटरला जी ट्रॉफी देतात ती त्याच्याच नावाची आहे, २००० पासून.

भाच्याने मात्र नेमका प्रश्न विचारला. "आत्या, रिमिंग्टन १९८२ ला संपला. रोझिअरचं सगळ्यात मोठं वर्ष १९८३. मग रिमिंग्टनमुळे रोझिअर, असं कसं म्हणता येईल?" प्रश्न बिनतोड आहे. सेंटर गेला आणि धावपटूचे यार्ड १,६८९ वरून २,१४८ वर चढले. "त्याच्यामुळे हा" असा युक्तिवाद करत बसले तर मी हरेन, आणि हरायलाच हवं.

म्हणून रिमिंग्टनचा विचार रोझिअरला बाजूला ठेवून केला. १९८१ चा हंगाम घेऊ. त्या वर्षी रोझिअर नवखा होता, त्याचे ९४३ यार्ड. क्रेगचे १,०६० यार्ड. टर्नर गिल हंगाम सुरू झाल्यावर काही सामन्यांनी मुख्य क्वार्टरबॅक झाला आणि शेवटाआधीच जखमी झाला. आक्रमणात अजून कुणी तारा नव्हता. त्या वर्षी बिग एट परिषदेचा, म्हणजे नेब्रास्का ज्या आठ विद्यापीठांच्या गटात खेळायचा त्याचा, आक्रमणातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती रिमिंग्टनची. एका सेंटरची! ज्याला चेंडू पायांमधून मागे देण्यापलीकडे चेंडूशी काही घेणंदेणं नाही, त्याला ओक्लाहोमा, मिसुरी, कॅन्ससच्या सगळ्या धावपटूंच्या आणि क्वार्टरबॅकच्या वर ठेवलं. ज्यांनी त्याला दर आठवड्याला समोरून पाहिलं त्यांची ही साक्ष आहे. आमच्या कुठल्याही सूत्रापेक्षा मला ती जड वाटते.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने तक्त्यात एक रकाना वाढवला : "समकालीनांनी काय म्हटलं". रिमिंग्टन त्या रकान्यात पहिला.

१२ जुलै

आज २ जानेवारी १९८४ चा ऑरेंज बोल तिघांनी बसून पूर्ण पाहिला. नेब्रास्का विरुद्ध मायामी, मायामीच्याच मैदानावर. त्या हंगामात नेब्रास्काने बारा सामन्यांत ६२४ गुण केले होते. मिनेसोटाला त्यांच्या गावात ८४–१३ ने हरवलं होतं. देशात पहिला क्रमांक. आणि इथे सुरुवातीलाच १७–० अशी पिछाडी.

मग ती प्रसिद्ध युक्ती. गिल चेंडू घेतो आणि मुद्दाम जमिनीवर ठेवून एका बाजूला पळतो, सगळे त्याच्यामागे. गार्ड डीन स्टाइनकूलर चेंडू उचलतो आणि उलट्या दिशेला १९ यार्ड धावून टचडाउन करतो. बर नावाच्या अगदी छोट्या गावातला हा धिप्पाड मुलगा मोकळ्या मैदानात धावताना पाहून वहिनीसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर आली. पुढे नियम बदलून ही युक्ती बंद केली. स्टाइनकूलरची महती या एका डावात नाही हे मात्र पुस्तिकेत स्पष्ट लिहायचं. त्याच वर्षी आउटलँड आणि लोम्बार्डी दोन्ही त्याला मिळाल्या, आणि १९८४ च्या व्यावसायिक निवडीत, जिथे व्यावसायिक संघ कॉलेजांतून नवे खेळाडू उचलतात, पहिल्या क्रमांकावर इरव्हिंग फ्रायर आणि दुसऱ्यावर स्टाइनकूलर, दोघेही नेब्रास्काचे.

शेवट माहीत असूनही छाती धडधडत होती. रोझिअर घोटा दुखावून बाहेर बसलेला, १४७ यार्ड काढून झालेले. त्याच्या जागी जेफ स्मिथ. ३१–२४ असताना चौथ्या आणि अखेरच्या प्रयत्नाला गिलने स्मिथकडे चेंडू उडवला आणि स्मिथने टचडाउन गाठला. ३१–३०, ४८ सेकंद शिल्लक. त्या काळी जादा वेळ नव्हता. टचडाउननंतर एका गुणाची किक मारता येते किंवा दोन गुणांसाठी पुन्हा डाव टाकता येतो. किक मारली असती तर बरोबरी, आणि अपराजित संघाला विजेतेपद जवळपास नक्की. ऑस्बर्न यांनी दोन गुणांसाठी डाव टाकला. गिलचा पास मायामीच्या केनी कॅलहूनच्या बोटांना लागून उडाला.

दादा म्हणाला, "बरोबर केलं त्यांनी." मलाही तसंच वाटतं. विजेतेपद जिंकून घ्यायचं असतं, बरोबरीने उचलायचं नसतं.

गिलचा हिशेब : मुख्य क्वार्टरबॅक म्हणून २८ विजय, २ पराभव. एक हा, एका गुणाचा. दुसरा १९८२ मध्ये पेन स्टेटकडून २७–२४. दोन्ही पराभव मिळून चार गुण. पहिल्या पाचांत.

२० जुलै

बचाव फळी, म्हणजे ब्लॅकशर्ट्स. सरावाला पहिल्या फळीच्या बचावपटूंना काळे सदरे देतात, आणि तो काळा सदरा इथे प्रतिष्ठेचा मानतात.

ऐंशीच्या दशकातले नील स्मिथ आणि ब्रॉडरिक थॉमस यांच्यावर दोन परिच्छेद लिहून ठेवले, दहांत ते येणार नाहीत. खरी चुरस ट्रेव्ह आल्बर्ट्स आणि ग्रँट विस्ट्रम यांच्यात.

आल्बर्ट्सने १९९३ ची बटकस ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम लाइनबॅकरचा मान, मिळवली. ओक्लाहोमाविरुद्ध त्याचं कोपर निखळलं, आणि तरी १ जानेवारी १९९४ च्या ऑरेंज बोलमध्ये तो फ्लोरिडा स्टेटविरुद्ध उतरला. समोर त्या वर्षीचा हाइझमन विजेता चार्ली वॉर्ड. त्याला आल्बर्ट्सने चेंडू फेकण्याआधी तीनदा पाडलं. नेब्रास्का १८–१६ ने हरला, शेवटची ४५ यार्डांची किक बाजूने गेली. पण त्या रात्रीपासून देशाने या संघाला पुन्हा गांभीर्याने घेतलं असं दादाचं मत आहे.

विस्ट्रम मिसुरीतल्या वेब सिटीचा. १९९४ ते १९९७ या चार वर्षांत तो खेळला आणि त्या चार वर्षांत संघाने ४९ सामने जिंकले, २ हरले. १९९६ नंतर तो आणि जेसन पीटर दोघेही व्यावसायिक फुटबॉलकडे जाऊ शकत होते. दोघांनी आणखी एक वर्ष थांबायचं ठरवलं, आणि ते वर्ष १९९७ चं : १३ विजय, पराभव नाही, विस्ट्रमला लोम्बार्डी, आणि ऑस्बर्न यांना निरोप विजेतेपदाने. टेनेसीला ४२–१७ हरवलं त्या शेवटच्या सामन्यात अहमन ग्रीन २०६ यार्ड धावला हे खरं, तरी मी तो सामना पाहताना विस्ट्रमच्या बाजूलाच बघत होते. चार वर्षं सलग, एकही पडतं वर्ष नाही. आल्बर्ट्सच्या वर विस्ट्रम, यावर तिघांचं लगेच जमलं.

२७ जुलै

लॉरेन्स फिलिप्स. हा विषय टाळून पुढे जाता येणार नाही.

१९९४ मध्ये क्वार्टरबॅक एकामागून एक आजारी आणि जखमी होत असताना, चेंडू त्याच्याकडेच जाणार हे सगळ्यांना माहीत असताना, तो १,७२२ यार्ड धावला. भाच्याच्या सूत्रात तो सातवा येतो. सप्टेंबर १९९५ मध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध २०६ यार्ड काढल्यानंतर काही तासांतच त्याने आपल्या आधीच्या मैत्रिणीला घरात घुसून मारहाण केली. अटक झाली. ऑस्बर्न यांनी त्याला सहा सामने बाहेर ठेवलं आणि मग परत घेतलं. शिस्त आणि संघ हाच त्याच्या आयुष्यातला एकमेव आधार आहे, तो काढून घेतला तर तो बुडेल, अशी त्यांची भूमिका होती. फिएस्टा बोलमध्ये तो १६५ यार्ड धावला. पुढे आयुष्य बिघडतच गेलं. जानेवारी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात त्याचा अंत झाला.

दादाने सोपी वाट सुचवली : "दोन पूर्ण हंगामसुद्धा नाहीत त्याचे. खेळाच्या निकषावरच गाळू." ही वाट मला मान्य नाही. रोझिअरचे तीन आहेत, आणि फिलिप्सचा १९९४ चा हंगाम एकटाच कुणालाही दहांत नेईल इतका मोठा आहे. गाळायचं तर खरं कारण लिहून गाळायचं.

वहिनी आमच्या या कामात सहसा बोलत नाही. आज बोलली. "ही पुस्तिका मुली पण वाचणार ना? मग तिचं काय झालं तेही लिहा. नेहमी त्याचंच काय झालं ते लिहितात." त्यानंतर चर्चेची गरज उरली नाही. फिलिप्स क्रमवारीत नाही. त्याच्या नावाचं एक पान आहे, त्यात त्याचा खेळ आहे, ती मारहाण आहे, त्याला परत घेण्यावरून देशभर उठलेला वाद आहे, आणि जिने हे सोसलं तिच्यासमोर तो दोन महिन्यांच्या आत पुन्हा टाळ्यांच्या गजरात धावू लागला हेही आहे. ऑस्बर्न यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. हा निर्णय मला पटलेला नाही, आणि तसं मी त्या पानावर लिहिलं आहे.

३ ऑगस्ट

टॉमी फ्रेझर. दादाचा देव.

फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनचा, क्रमांक १५. मुख्य क्वार्टरबॅक म्हणून ३३ विजय, ३ पराभव. लागोपाठ तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपदाचा निर्णय करणारा सामना खेळला आणि तिन्ही वेळा सामन्यातला सर्वोत्तम ठरला, त्यातल्या पहिल्यात तर संघ हरला असूनही. भाच्याच्या सूत्रात तो मागे पडतो कारण धावलेले यार्ड १,९५५ आणि फेकलेले ३,५२१, दोन्ही रकान्यांत कुणी ना कुणी पुढे. पण ऑप्शनच्या खेळात क्वार्टरबॅकचं मोल त्याने कुठे चेंडू सोडला यात असतं, आणि सोडलेल्या चेंडूचे यार्ड दुसऱ्याच्या नावावर जातात. फळीच्या पाच जणांसारखंच हेही अर्धं अदृश्य काम आहे. फ्रेझर मला पहिल्या क्रमांकावर हवा तो यासाठी.

२ जानेवारी १९९६, फिएस्टा बोल, फ्लोरिडाविरुद्ध. पहिल्या चतकोरानंतर १०–६ असा फ्लोरिडा पुढे, दुसऱ्यात नेब्रास्काचे २९ गुण आणि फ्लोरिडाचे शून्य. तिसऱ्याच्या अखेरीस फ्रेझरची ती ७५ यार्डांची धाव. एका घोळक्यात त्याला धरलं, दोघं अंगावर लोंबकळतायत, सगळ्यांना वाटलं संपलं, आणि तो पाय चालवत चालवत बाहेर निघाला. अंतिम गुण ६२–२४. त्याचे एकट्याचे १९९ यार्ड. त्या हंगामात कुणीही नेब्रास्काच्या चौदा गुणांच्या आत पोहोचलं नाही. तरी हाइझमन गेली ओहायो स्टेटच्या एडी जॉर्जकडे. दादा तो विषय निघाला की अजून आवाज चढवतो, आणि यात मी त्याच्या बाजूची आहे.

याच पानांना लागून ब्रूक बेरिंजर. १९९४ मध्ये फ्रेझरच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या तेव्हा कॅन्ससमधल्या गुडलंडचा हा शांत मुलगा पुढे आला. त्याचं फुप्फुस निकामी होऊन सुद्धा त्याने मुख्य क्वार्टरबॅक म्हणून सातच्या सात सामने जिंकून दिले. पुढच्या वर्षी फ्रेझर परतला आणि हा तक्रार न करता बाकावर बसला. १८ एप्रिल १९९६ ला, व्यावसायिक निवडीच्या दोनच दिवस आधी, छोट्या विमानाच्या अपघातात तो गेला. स्टेडियमबाहेर ऑस्बर्न यांच्या पुतळ्यासोबत बेरिंजर उभा आहे. त्याला क्रमांक द्यायचा नाही. पानं मात्र पुरी दोन.

९ ऑगस्ट

वॉक-ऑन. शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या खर्चाने येऊन संघात जागा मिळवणारे. राज्यातल्या शेतकरी घरांतली कित्येक मुलं याच दाराने आली. बाहेरचेही होते : आय. एम. हिप साउथ कॅरोलायनाहून असाच आला आणि १९७७ मध्ये इंडियानाविरुद्ध २५४ यार्ड धावला. जिमी विल्यम्स आणि डेरी नेल्सन हे बचावातले. यांच्यावर स्वतंत्र चार पानं, कारण मुलांना सगळ्यात आवडणार ती हीच गोष्ट.

१० ऑगस्ट

आज यादी बंद केली. फ्रेझर, रिमिंग्टन, रोझिअर, विस्ट्रम, गिल, स्टाइनकूलर, वीगर्ट, आल्बर्ट्स, शील्ड्स, टेलर.

वीगर्ट सातवा कारण १९९४ मध्ये तीन वेगवेगळ्या मुख्य क्वार्टरबॅकसह संघ तेराच्या तेरा सामने जिंकला, आणि दर सामन्याला टिकून राहिली ती फळी. फ्रेमाँटचा हा टॅकल तिचा म्होरक्या. शील्ड्सच्या नावावर पुढे कॅन्सस सिटीत बारा प्रो बोल (व्यावसायिक ताऱ्यांच्या वार्षिक सामन्यासाठी निवड) आहेत, ते आम्ही मोजले नाहीत. मोजले असते तर तो फार वर गेला असता. टेलर १९९६ ला सेंटर म्हणून आणि १९९७ ला गार्ड म्हणून, दोन वेगळ्या जागांवर ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात निवडलेला, ठरला. नेब्रास्कात असं दुसऱ्या कुणाचं झालेलं नाही.

दहाव्या जागेवरून दुपारभर भांडण. दादाला फ्रायर हवा होता. "देशातला पहिला क्रमांक होता निवडीत! पहिल्या क्रमांकावर गेलेला पहिला वाइड रिसिव्हर!" पण निवडीचा क्रमांक म्हणजे तो पुढे काय करेल याचा अंदाज. १९८३ मध्ये फ्रायरने ४० पास झेलले, ७८० यार्ड. चेंडू हातात नसतानाही तो बचावपटूंना जोरदार अडवत असे. अप्रतिम विंगबॅक, यात शंका नाही. पण या संघाचा पिंड धावण्याचा, आणि टेलरने एकाच्या जागी दोन कामं देशात सर्वोत्तम केली. भाच्याने मत टेलरला दिलं. जून महिन्यात ज्याच्या यादीत फळीचा एक माणूस नव्हता, त्याच्याच मताने आता पाच झाले.

दादाने एक अट घालून मान्यता दिली : पानाच्या तळाशी "एका सदस्याचा फ्रायरसाठी विरोध नोंदवला" असं छापायचं. छापू. भाचा आता ऑप्शनची आकृती नव्याने काढतोय, त्यात फळीच्या पाच जागांवर गोलांऐवजी त्या पाच जणांचे सदरा-क्रमांक घालतोय.